तायक्वांदो क्लासच्या स्मरणिकेसाठी कोरियन मास्टरचा जीवनपट कसा लिहायचा

पुण्यात कुठल्याही क्लासला पंचवीस वर्षं झाली की स्मरणिका निघतेच, मग तो कथकचा असो, अबॅकसचा असो नाहीतर तायक्वांदोचा. आणि तायक्वांदोवाल्यांच्या अंकात तिसऱ्या-चौथ्या पानावर एक कोरियन आजोबा असतात. पांढरा डोबोक (तायक्वांदोचा गणवेश), काळा पट्टा, कडक चेहरा, आणि खाली मजकूर काय, तर "ग्रँडमास्टरांनी आपले अवघे आयुष्य या कलेसाठी वेचले". झालं, संपलं. माणूस कोरियातून का निघाला, परक्या देशात पोटापाण्याला आधी काय केलं, त्याच्याकडे शिकायला पहिल्यांदा कोण आलं आणि ते शिक्षण आपल्या सरांपर्यंत कसं पोचलं, यातलं काही म्हणजे काही नाही. हे चार प्रश्न सुटले तर जीवनपट झाला, बाकी सगळे हारतुरे.

तर ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय (पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी "यांचं मराठी चांगलंय" म्हणालं की माणूस गेलाच) त्यांच्यासाठी ही पद्धत लिहितोय. सहकारनगरच्या आमच्या क्लासच्या अंकासाठी मी हीच वापरली. वेळ भरपूर लागतो, गणपतीच्या आधी सुरू केलं तर दिवाळीनंतर प्रेसला जाईल असा हिशोब धरा.

सुरुवात गुगलपासून करू नका, सरांपासून करा. गुगलवर "तायक्वांदोचे जनक" टाकलंत तर वेगवेगळी नावं येतात, त्यांच्यात भांडणं आहेत, आणि त्यातल्या कोणाचाच तुमच्या क्लासशी संबंध नसू शकतो. शेवटची बॅच सुटली, पोरांनी मॅट उचलून कोपऱ्यात रचले की सरांना अमृततुल्यला घेऊन जा, फोनवर रेकॉर्डिंग लावून फोन टेबलावर उलटा ठेवा, आणि विचारा, सर तुम्ही कोणाकडे शिकलात, आणि तुमचे सर कोणाकडे. असं विचारत विचारत वर जायचं. भारतात तायक्वांदो रुजवल्याचं श्रेय साधारणपणे जिमी जगतियानी यांना देतात, १९७५ च्या आसपासची गोष्ट, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच गुरू-शिष्यांच्या साखळ्यांत मधे एक-दोन भारतीय सर असणारच. त्यांना गाळून एकदम कोरियन फोटोवर उडी मारायची सवय वाईट आहे, कारण दुसऱ्या शहरातून पहाटेच्या एसटीने येऊन फुकटात शिकवून गेलेला माणूस नेमका या मधल्या पायरीवर असतो आणि त्याचं नाव कुठल्याच वेबसाइटवर नसतं.

मग सरांच्या घरचा अल्बम मागा. वहिनींना सांगितलंत तर लवकर सापडेल. फोटोत चेहरे नंतर बघा, आधी बाकीचं बघायचं. कोपऱ्यात केशरी रंगात तारीख आहे का, मागे स्टुडिओचा शिक्का आहे का, बॅनरवर काय लिहिलंय, छातीवर बॅज कुठला, आणि डोबोकचा गळा कसा आहे. गळा व्ही आकाराचा आणि अंगरखा डोक्यातून घालायचा असेल तर ते बहुतेक कुक्कीवॉन (काळ्या पट्ट्याची सर्टिफिकेटं देणारी सोलमधली संस्था) आणि वर्ल्ड तायक्वांदो (ऑलिम्पिकवाली संघटना) यांचं घराणं. जाकिटासारखा पुढून उघडणारा असेल आणि पाठीवर झाडाच्या आकारात अक्षरं असतील तर आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन. सत्तरच्या दशकाच्या आधीच्या फोटोत मात्र सगळ्यांचेच कपडे कराटेवाल्यांसारखे दिसतात, तिथे गळ्यावरून काही ठरवू नका. फोटो धूसर असतील तर सरळ क्लासमधल्या पिवळ्या पट्ट्याच्या पोराला विचारा, तुला पहिल्यांदा कुठला पॅटर्न (ठरलेल्या हालचालींचा क्रम) शिकवला. "तेगुक इल जांग" म्हणाला तर कुक्कीवॉन, "चोन-जी" म्हणाला तर आयटीएफ. फाईट बघितली तरी कळतं, छातीला जाड गार्ड आणि हाताने तोंडावर मारायला बंदी असेल तर पहिलं घराणं, हातात ग्लोव्हज पायात फोमचे बूट आणि तोंडावर ठोसा चालत असेल तर दुसरं.

हे एवढं कशाला करायचं तर दोन्ही घराणी इतिहासच वेगळा सांगतात, आणि तुम्ही चुकीच्या घरचा इतिहास छापलात तर उद्घाटनाला आलेले पाहुणे सरांना कोपऱ्यात घेऊन बोलतील.

आयटीएफच्या मूळपुरुषाचंच बघा. जनरल चोई होंग ही, जन्म १९१८ चा, गाव आजच्या उत्तर कोरियात. तरुणपणी शिकायला जपानला गेले, तिथे कराटे शिकले, पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात जनरल झाले. तायक्वांदो हे नाव १९५५ मध्ये ठरलं त्यात त्यांचा मोठा वाटा. मग मलेशियात राजदूत, आणि १९६६ ला सोलमध्ये आयटीएफची स्थापना. इथपर्यंत चढती कमान. पण तिथल्या राजवटीशी बिनसलं आणि १९७२ मध्ये माणूस कॅनडाला निघून गेला, संघटनेचं ऑफिसही सोबत टोरंटोला. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्कीवॉनची इमारत उभी राहिली आणि पुढच्या वर्षी, १९७३ ला, दुसरी जागतिक संघटना निघाली, ती म्हणजे आजची वर्ल्ड तायक्वांदो, जिच्यामार्फत हा खेळ २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पदकांचा झाला. चोई साहेब १९८० मध्ये आपली टीम घेऊन उत्तर कोरियात प्रात्यक्षिकं करून आले, दक्षिणेत त्यावरून त्यांच्यावर राग, आणि २००२ मध्ये गेले तेही प्योंगयांगमध्येच. त्यांच्यामागे आयटीएफचेही तुकडे झाले, प्रत्येकजण म्हणतो खरी आयटीएफ आमची. आता एका घरात हा माणूस संस्थापक, दुसऱ्या घरात त्याचं नाव तळटीपेत. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. "आयटीएफचे संस्थापक" एवढं लिहा, ते कोणालाच नाकारता येत नाही.

एक सांगायचं राहिलं, तायक्वांदो हे नाव पडायच्या आधी कोरियात वेगवेगळ्या आखाड्यांसारखे क्वान होते. चुंग दो क्वान, मू दुक क्वान, सोंग मू क्वान, जिदोक्वान वगैरे, बहुतेक १९४४ ते ४६ च्या आसपास निघालेले. म्हातारी पिढी आजही कोण कुठल्या क्वानचा ते विचारते. तुमच्या मास्टरचा क्वान सापडला तर एका ओळीत लिहाच, जाणकार वाचकाला त्या एका ओळीतून अर्धं आयुष्य कळतं.

सर्टिफिकेट तपासणं हे पुढचं काम आणि इथे लोक लाजतात. लाजायचं काय त्यात? कुक्कीवॉनच्या डॅन (काळ्या पट्ट्याची पायरी) सर्टिफिकेटवर नंबर असतो, तो, नाव आणि जन्मतारीख टाकून त्यांच्या वेबसाइटवर पडताळता येतं. सरांचं सरांसमोरच बसून बघा, म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटत नाही. मास्टरच्या डॅनबद्दल लिहिताना कोणी दिला तेही लिहायचं, कुक्कीवॉनचा सातवा डॅन आणि स्वतःच काढलेल्या संघटनेचा दहावा डॅन यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. साधा हिशोबही करून बघा, कुक्कीवॉनच्या नियमात पहिल्या डॅनपासून चौथ्यापर्यंत कमीत कमी सहा वर्षं जातात, पुढे दोन डॅनमधलं अंतर वाढत जातं, तेव्हा तिशीतला नववा डॅन दिसला की पेन खाली ठेवा आणि फोन उचला. (मुलांच्या दहावीच्या क्रीडा गुणांसाठी कुठल्या संघटनेचं सर्टिफिकेट चालतं हा वेगळा विषय आहे, तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, कोरियन आजोबा तिथे काही कामाचे नाहीत.)

आता मुख्य भाग, परदेश. इथेच सगळ्यांची गाडी "कलेच्या प्रसारासाठी सातासमुद्रापार गेले" वर अडकते. कोणी नुसत्या प्रसारासाठी जात नाही हो. १९५३ ला कोरियन युद्ध थांबलं तेव्हा देश उद्ध्वस्त होता, शिकलेल्यालाही काम नव्हतं. बाहेर पडायचे दरवाजे मोजके होते आणि तुमचा मास्टर कुठल्या दरवाज्याने गेला ते शोधायचं. एक दरवाजा अमेरिकन सैन्याचा, त्यांच्या छावण्यांत सैनिक कोरियन मास्टरांकडे शिकायचे (हॉलिवूडचा नट चक नॉरिस कोरियातल्या ओसानच्या तळावर असाच शिकला) आणि ओळखीतून बोलावणं यायचं. दुसरा व्हिएतनाम, साठच्या दशकात कोरियन सैन्यातले प्रशिक्षक तिथे सैनिकांना शिकवायला गेले आणि त्यातले काही पुढे जगभर पांगले. तिसरा जर्मनी, १९६३ पासून कोरियातून खाणकामगार आणि मागोमाग नर्स तिकडे जायला लागल्या. चौथा म्हणजे अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतर कायदा, आधीची देशवार कोट्याची पद्धत त्याने मोडली आणि मग कोरियन कुटुंबंच्या कुटुंबं गेली. मास्टर ज्या साली गेला त्या सालावरून दरवाजा बऱ्यापैकी ओळखता येतो.

नमुना म्हणून जून ऱ्ही यांचं देतो, अमेरिकेत तायक्वांदो नेणाऱ्यांत यांचं नाव पहिलं घेतात. आपल्या अंकात असं काहीसं दिसलं पाहिजे:

"जून ऱ्ही यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ चा, आसान इथला. कोरियावर तेव्हा जपानचं राज्य होतं. सोलमध्ये शाळेत असताना ते चुंग दो क्वानमध्ये शिकले. १९५६ मध्ये सैन्याने त्यांना विमानदुरुस्ती शिकायला टेक्ससमधल्या सॅन मार्कोसला पाठवलं. पुढच्या वर्षी तिथल्याच कॉलेजात विद्यार्थी म्हणून परत आले आणि अभ्यासासोबत शिकवायला लागले. अमेरिकेत लोकांना कराटे एवढंच माहीत होतं, म्हणून सुरुवातीला तेही कराटेच म्हणायचे. १९६२ मध्ये वॉशिंग्टनला स्वतःचा क्लास काढला. १९६५ मध्ये एका खासदाराला रस्त्यात लुटल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी सरळ त्याच्या ऑफिसला फोन लावला, मी तुम्हाला शिकवतो म्हणाले. त्यातून खासदारांचा क्लास सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं चालला. ३० एप्रिल २०१८ रोजी त्यांचं निधन झालं."

बघा, यात महान नाही, थोर नाही, तपस्वी नाही. विमानदुरुस्ती शिकायला आलेला पोरगा आणि खासदाराला फोन लावायची डेअरिंग, या दोन गोष्टींत माणूस कळला. शिवाय मुलांना जोडून घ्यायचं असेल तर अजून एक वाक्य टाका, स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅगेत जे फोमचं हेडगिअर आणि पॅड कोंबता त्या प्रकारचं सामान सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तयार करून विकणाऱ्यांत ऱ्ही पुढे होते. त्याआधी फाईट म्हणजे एकतर अंगाला न लावता थांबायचं नाहीतर नाक फोडून घ्यायचं.

ऱ्हींच्याबद्दल लिहिताना अजून एक मोह होतो तो ब्रूस लीचा. दोघांची भेट १९६४ मध्ये लाँग बीचच्या स्पर्धेत झाली, मैत्री झाली, एकमेकांकडून शिकले, लीने उंच किका घेतल्या आणि ऱ्हींनी ठोसा. म्हणजे मित्र. "ब्रूस लीचे गुरू" लिहायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

दंतकथांचं तर विचारूच नका. मासुतात्सु ओयामा, क्योकुशिन कराटेचे संस्थापक, यांना आपण जपानी समजतो पण जन्माने कोरियन, मूळ नाव चोई योंग-उई, पोरवयात जपानला गेलेले. ते बैलांशी झुंजले, आणि किती बैल मारले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. असं काही तुमच्या मास्टरबद्दल ऐकलंत तर गाळू नका, लोकांना तेच आवडतं, पण "असं ते सांगत" किंवा "त्यांचे विद्यार्थी सांगतात" असं लिहा. कोण सांगतंय ते लिहिलं की तुमची मान मोकळी.

आणि सगळेच मास्टर काही फोटोफ्रेममधले नसतात, हयात माणसाचं लिहायचं असेल तर थायलंडच्या टीमचे कोच चोई योंग-सोक यांचा नमुना जास्त उपयोगी. २००२ पासून तिथे आहेत, थाई लोक त्यांना कोच चे म्हणतात. २००४ च्या अथेन्सपासून थायलंडला तायक्वांदोत ऑलिम्पिक पदकं मिळायला लागली, टोकियोत पानिपाक वोंगपत्तनाकितने ४९ किलो गटात सुवर्ण आणलं, पॅरिसला २०२४ मध्ये परत तिनेच. मधे २०२२ ला या गृहस्थांनी थाई नागरिकत्वच घेतलं. इथे सगळं सालवार बातम्यांत सापडतं, पण तुम्ही लिहाल ते नागरिकत्वाबद्दल लिहा, वीस वर्षं दुसऱ्या देशाच्या पोरींना शिकवल्यावर माणूस स्वतःचा पासपोर्ट बदलतो यात जे आहे ते पदकांच्या यादीत नाही.

नावं आणि वयं, इथे फार घोळ होतात. कोरियन लोक आडनाव आधी लावतात, परदेशात गेले की काहीजण उलटं करतात, त्यामुळे एकाच माणसाचे दोन माणूस होतात. ली, ऱ्ही, यी ही तिन्ही एकाच आडनावाची रूपं असू शकतात. यावर उपाय म्हणजे मूळ कोरियन लिपीतलं नाव मिळवायचं आणि तेच सर्चमध्ये टाकायचं. रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांमुळे पुण्यात कोरियन माणसं बरीच आहेत, कोणाच्या ओळखीत असेल तर विचारा, नाहीतर घरात के-ड्रामा बघून बघून ती लिपी वाचायला शिकलेली एखादी भाची असतेच, तिला कामाला लावा, खूष होऊन करते. वयाचं म्हणाल तर जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मलं की एक वर्षाचं धरतात आणि नवीन वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकदम वाढतं. म्हणजे "मी तेरा वर्षांचा असताना सुरू केलं" यातला तेरा आपला अकरा किंवा बारा असू शकतो. २०२३ मध्ये त्यांनी कायद्याने नेहमीची पद्धत सगळीकडे लागू केली, पण म्हाताऱ्यांच्या मुलाखती त्याच्या आधीच्या आहेत. वाढदिवसही काही जण चांद्र पंचांगाने सांगतात, आपल्या आजीचा तिथीचा वाढदिवस असतो तसं, म्हणून दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या तर लगेच खोटारडा ठरवू नका. लिहिताना वय टाळा, साल लिहा.

मजकूर साधारण दीड पानात बसवा. इतिहास पाव पान, परदेशातली पहिली पाच-सात वर्षं पाऊण पान, साखळी पुण्यापर्यंत कशी आली ते उरलेल्यात. पहिली वर्षं जास्त द्या कारण पुढे यश आलं की सगळ्यांच्या गोष्टी सारख्याच होतात, शाखा वाढल्या, सत्कार झाले, फोटो काढले. घरच्या माणसांची नावं, आजारपण, पैशाची भांडणं हे घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

आता छपाई. नारायण पेठेत किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीवाले अजून श्रीलिपीत काम करतात, तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून मेल केलेला मजकूर ते कन्व्हर्ट करतात आणि त्यात अक्षरं मोडतात. सगळ्यात आधी मोडतं ते "ऱ्ह". म्हणजे बिचाऱ्या ऱ्हींचं नाव दर पानावर वेगळं, कुठे र्ही, कुठे रही, कुठे नुसता चौकोन. प्रूफ आलं की मजकूर वाचू नका, फक्त नावं आणि आकडे शोधून शोधून वाचा, एकाने मोठ्याने म्हणायचे दुसऱ्याने मूळ कागदावर टिक करायचे. मग सरांना एक प्रिंट द्या आणि परत मिळेपर्यंत मागे लागा, सर "छान झालंय" म्हणून न वाचताच परत देतात, तेव्हा समोर बसवूनच वाचून घ्या.

शेवटच्या दिवशी पान कमी पडतंच. जाहिराती काढता येत नाहीत, त्यांच्याच पैशावर अंक निघतोय. साखळीतल्या मधल्या सरांची नावं कापायला सुचवतील, कापू देऊ नका, शुभसंदेश कापा, तीन-तीन असतात आणि तिन्हींत मजकूर एकच असतो. फक्त नगरसेवकांचा कापायच्या आधी सरांना विचारून घ्या, प्रॅक्टिसचा हॉल बहुतेक त्यांच्याच शब्दावर मिळालेला असतो.